दोनचा शून्य घात एक कसा?



सातवी-आठवीच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न उठतो. गुरुजी फळ्यावर लिहितात की दोनचा शून्य घात बरोबर एक. मुले वहीत उतरवून घेतात. मग मागच्या बाकावरची एखादी मुलगी हात वर करते आणि विचारते, "गुरुजी, दोन शून्य वेळा घेतले, म्हणजे घेतलेच नाहीत ना? मग उत्तर शून्य यायला पाहिजे. हा एक आला कुठून?"

तास संपत आलेला असतो, अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो. गुरुजी म्हणतात, "तो नियम आहे. पाठ करून टाक." मुलगी खाली बसते, नियम पाठ करते, परीक्षेत तिला त्याचा एक गुणही मिळतो. पण त्या दिवशी तिच्या मनात एक समजूत घर करते. गणितात केव्हा केव्हा आपले डोके बाजूला ठेवून नुसती मान डोलवायची असते, अशी ती समजूत. पुढे ऋण घातांक येतो, मग बीजगणित येते, आणि दर ठिकाणी ती मान डोलवत राहते. नववीत गेल्यावर घरची माणसे म्हणतात, "हिला गणित जमतच नाही." खरे पाहता तिला गणित जमत होते, म्हणूनच तिने प्रश्न विचारला होता.

आज आपण त्या मुलीचा प्रश्न हातात घेणार आहोत. त्यासाठी फार शिकलेले असायची गरज नाही. ज्यांची शाळा चौथीतच सुटली, पण ज्यांनी घरात पायली आणि मापटे पाहिले आहे, त्यांना तर उत्तर निम्मे ठाऊकच आहे.

आधी एक खुलासा करतो. पुस्तकात घातांक पायाच्या डोक्यावर, उजव्या बाजूला, लहान आकड्यात छापतात. पण रेडिओवर आकड्याचे डोके दिसत नाही. म्हणून आपण सरळ 'दोन घात तीन' असे म्हणू, आणि लिहितानाही '२ घात ३' असेच लिहू. यातला २ हा पाया आणि ३ हा घातांक. त्याचा अर्थ २ × २ × २, म्हणजे ८. तसेच २ घात २ म्हणजे ४, आणि २ घात १ म्हणजे नुसते २. इथवर कुणाचीच तक्रार नसते. अडते ते यापुढे, घातांक शून्य होतो तेव्हा आणि शून्याच्याही खाली जातो तेव्हा.

आता गणिताची वही थोडा वेळ मिटून ठेवा आणि घरातली जुनी धान्याची मापे आठवा. १९५६ साली आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला, आणि पुढच्या काही वर्षांत बाजारात किलो आणि लिटर आले. तरी जुन्या घरांत माळ्यावर, फडताळात ती मापे अजून सापडतात. नावे गावोगाव थोडी बदलतात, पण उतरंड अशी:

पायली म्हणजे ४ शेर.
अधोली, म्हणजे अर्धी पायली, २ शेर.
शेर म्हणजे १ शेर.
मापटे म्हणजे अर्धा शेर.
चिपटे म्हणजे पाव शेर.
कोळवे म्हणजे शेराचा आठवा भाग.
निळवे म्हणजे शेराचा सोळावा भाग.

पाहा, एका पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना दर वेळी निम्मे होते, आणि वर चढताना दर वेळी दुप्पट होते. मधे कुठेही ही रीत मोडत नाही. पायलीपासून अधोलीवर उतरलो तेव्हा निम्मे झाले. अधोलीपासून शेरावर आलो तेव्हाही निम्मेच झाले. शेरापासून मापट्यावर आलो, तरी तेच.

आता या मापांना आकडे लावू. शेर हे आपले मूळ माप धरू. शेरापासून एक पायरी चढलो की अधोली, म्हणून अधोलीला आकडा १. दोन पायऱ्या चढलो की पायली, तिला आकडा २. मग शेराला कोणता आकडा द्यायचा? आपण शेरापाशीच उभे आहोत. चढलो नाही, उतरलोही नाही. म्हणून शेराला आकडा शून्य. आणि मापटे? एक पायरी खाली, म्हणून उणे १. चिपट्याला उणे २, कोळव्याला उणे ३, निळव्याला उणे ४.

हेच आकडे म्हणजे २ चे घातांक. पायली २ घात २, म्हणजे ४ शेर. अधोली २ घात १, म्हणजे २ शेर. शेर २ घात ०, म्हणजे १ शेर. मापटे २ घात उणे १, म्हणजे १ छेद २ शेर. चिपटे २ घात उणे २, म्हणजे १ छेद ४. कोळवे २ घात उणे ३, म्हणजे १ छेद ८.

एखाद्या नातीने आपल्या आजोबांना विचारले, "आजोबा, एकही पायरी चढलो-उतरलो नाही तर हाती काय राहतं?" तर आजोबा हसून म्हणतील, "अगं पोरी, शेर राहतो की! शेरापाशी उभं राहिल्यावर शेर कुठं जाणार?" चौथी शिकलेल्या आजोबांनी दोनचा शून्य घात एक असल्याचे सांगून टाकले. शून्य हा आकडा पायऱ्यांचा आहे, धान्याचा नव्हे. पायऱ्या शून्य झाल्या म्हणून शेर रिकामा होत नाही.

मुलीची चूक कुठे होते ते आता दिसेल. ती शून्य पाहते आणि तिला वाटते की काहीच उरले नाही. बेरजेत तसे असतेही. दोन रुपये शून्य वेळा दिले तर दिलेले रुपये शून्य. कारण बेरजेचा हिशोब रिकाम्या हाताने, शून्यापासून सुरू होतो. गुणाकाराचा हिशोब मात्र रिकाम्या हाताने सुरू होत नाही. शून्यापासून सुरू केला, तर दोनने कितीही वेळा गुणा, शून्यच राहील. गुणाकार सुरू करायला हातात एक माप लागते, आणि ते माप म्हणजे १. त्या एकाला दोनने तीनदा गुणले की ८ होतात, दोनदा गुणले की ४, एकदा गुणले की २. एकदाही गुणले नाही, तर सुरुवातीचा १ तसाच राहतो.

इथे एखादे चिकित्सक शिक्षक म्हणतील, "मापट्या-चिपट्यांची गोष्ट ठीक आहे, पण गणितात ती चालेल का?" रास्त शंका आहे. आता वही उघडा आणि घातांकाचे नियम लावून पाहू.

८ गुणिले ४ बरोबर ३२. यातले ८ म्हणजे २ घात ३, ४ म्हणजे २ घात २, आणि ३२ म्हणजे २ घात ५. पाया एकच असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते. ३ अधिक २, पाच. भागाकारात वजाबाकी होते. ३२ भागिले ४ बरोबर ८, आणि घातांक ५ वजा २, तीन. हा नियम मुलांनी आधीच शिकलेला असतो.

आता ८ ला ८ ने भागू. उत्तर १, यात वाद नाही. आठ भाकरी आठ जणांत वाटल्या तर प्रत्येकाला एक. आता हेच घातांकाने करू. २ घात ३ भागिले २ घात ३. घातांक ३ वजा ३, म्हणजे शून्य. उत्तर २ घात ०. एकाच भागाकाराची दोन उत्तरे कशी चालतील? म्हणून २ घात ० आणि १ ही एकच संख्या असली पाहिजे.

उलट बाजूनेही पाहू. समजा, मुलीचे ऐकले आणि २ घात ० म्हणजे शून्य असे ठरवले. मग २ घात ३ गुणिले २ घात ० किती? घातांकांची बेरीज ३ अधिक ०, तीन. म्हणजे उत्तर २ घात ३, अर्थात ८ यायला हवे. पण आपण तर ८ ला शून्याने गुणले, उत्तर शून्य आले. आठ शेर धान्य कणगीतून नाहीसे झाले! कोणता हिशोबनीस असा हिशोब चालवून घेईल? २ घात ० ला १ मानले की ८ गुणिले १ बरोबर ८, आणि हिशोब जुळतो. दुसरा कोणताही आकडा घेऊन पाहा, जुळणार नाही.

ऋण घातांकाचेही असेच. ८ ला ३२ ने भागा. ८ छेद ३२, म्हणजे संक्षेप करून १ छेद ४. घातांकाने करा. ३ वजा ५, उणे २. म्हणून २ घात उणे २ म्हणजे १ छेद ४. आपले चिपटे! आणि २ घात ३ गुणिले २ घात उणे ३ केले तर घातांकांची बेरीज शून्य, उत्तर १. मापांच्या भाषेत सांगायचे तर आठ कोळवी एकत्र केली की एक शेर भरतो. बाजार आणि वही यांचे उत्तर एकच आले.

शिक्षकमित्रहो, इथे एक गोष्ट मुलांना प्रामाणिकपणे सांगावी असे मला वाटते. 'तीन वेळा गुणणे' याला अर्थ आहे. पण 'उणे तीन वेळा गुणणे' याला तसा सरळ अर्थ नाही. कोणीही दोनला उणे तीन वेळा मांडून दाखवू शकत नाही. घातांकाची जी पहिली व्याख्या आपण शिकवली, ती शून्यापाशी येऊन थांबते. पुढचा अर्थ माणसांनी ठरवलेला आहे. पण तो लहर लागली म्हणून ठरवलेला नाही. आधीचे नियम पुढेही मोडू नयेत, या एकाच अटीवर तो ठरला, आणि त्या अटीत बसणारा अर्थ एकच निघतो. शेतात नांगराचा एक तास सरळ धरला की तो पुढे कुठे जाणार हे बांधाकडे न पाहताही कळते, तसेच हे. मुलीला हे सांगितले तर तिला कळेल की नियमामागे कारण असते, आणि कारण विचारण्यात काही आगाऊपणा नाही.

हा अर्थ पक्का व्हायला जगालाही वेळ लागला. शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात मांडले. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज, अशी त्याची भाषा होती. पण घातांकाच्या जागी शून्य आणि ऋण संख्या बसवण्याचे काम पुष्कळ पुढचे. फ्रान्समध्ये निकोला शुके याने १४८४ साली एका हस्तलिखितात तसे घातांक वापरले, पण ते हस्तलिखित छापले गेले तब्बल चारशे वर्षांनी, १८८० च्या सुमारास. जर्मनीत मिखाएल श्टीफेल नावाचा धर्मोपदेशक होता. त्याने १५४४ साली न्युरेंबर्गला छापलेल्या आपल्या अंकगणिताच्या पुस्तकात एक साधा तक्ता दिला. वरच्या ओळीत उणे ३, उणे २, उणे १, शून्य, १, २, असे करत ६ पर्यंतचे आकडे. खालच्या ओळीत त्यांच्यासमोर १ छेद ८, १ छेद ४, १ छेद २, १, २, ४, असे करत ६४. म्हणजे आपल्या कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली यांचीच ओळ! आणि गंमत अशी की ऋण संख्यांना हाच श्टीफेल 'असंबद्ध संख्या' म्हणत असे. पुढे १६५६ साली ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन वॉलिस यांनी अशा घातांकांचा अर्थ विस्ताराने मांडला, आणि १६७६ साली न्यूटनने एका पत्रात ते आज आपण लिहितो तसे लिहिले. शुकेपासून न्यूटनपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे गेली. तेव्हा आपल्या मुलीला एका तासात ते पटले नाही, तर तिला मठ्ठ म्हणू नये.

आता वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. साहित्य एकच, जुने वर्तमानपत्र. त्याचे एक पान घ्या. अजून एकही घडी घातलेली नाही. मुलांना विचारा, "घड्या किती?" शून्य. "थर किती?" एक. फळ्यावर लिहा: २ घात ० बरोबर १. आता मधोमध एक घडी घाला. थर दोन. पुन्हा घडी घाला, थर चार. तिसऱ्या घडीला आठ, चौथीला सोळा, पाचवीला बत्तीस. घड्यांचा आकडा हा घातांक, थरांचा आकडा हे उत्तर.

इथे थांबू नका. मुलांना दुसरा प्रश्न विचारा, "घडी केलेल्या कागदाचा वरून दिसणारा तुकडा मूळ पानाच्या किती भागाएवढा आहे?" एका घडीला अर्धा, दोन घड्यांना पाव, तीन घड्यांना आठवा भाग. थर दुपटीने वाढतात आणि तुकडा निम्म्याने लहान होतो. तीन घड्यांना थर २ घात ३, म्हणजे ८. तुकडा २ घात उणे ३, म्हणजे १ छेद ८. आणि दोहोंचा गुणाकार? ८ गुणिले १ छेद ८, बरोबर १. तेच मूळ पान! कागद कुठे गेला नाही, वाढलाही नाही. एकाच कागदात धन घातांक, ऋण घातांक आणि शून्य घातांक असे तिघेही मुलांच्या हाताला लागतात. खर्च काही नाही. प्रत्येक बाकावर एक पान दिले तर सगळा वर्ग दहा मिनिटांत हे करून पाहील.

आतापर्यंत पाया २ घेतला. ३ घेतला तरी रीत तीच, फक्त निम्म्याऐवजी दर पायरीला तिसरा भाग होतो. २७, ९, ३, १, मग १ छेद ३, १ छेद ९. पाया ५ घेतला तर २५, ५, १, १ छेद ५, १ छेद २५. कोणताही पाया घ्या, उतरता उतरता १ ही पायरी लागतेच, आणि तिचा घातांक शून्यच असतो.

आणि पाया १० घेतला तर? मग आपण पहिलीपासून म्हणत आलेले एकं, दहं, शतं, सहस्र समोर उभे राहते. सहस्र म्हणजे १० घात ३. शतं म्हणजे १० घात २. दहं म्हणजे १० घात १. मग एकं? १० घात ०, म्हणजे १. एकंचे घर शून्य घाताचे आहे, हे आपण लहानपणापासून वापरत आलो, फक्त त्याला त्या नावाने हाक मारली नाही. १० घात ० जर शून्य असता, तर एकंच्या घरातला प्रत्येक आकडा वाया गेला असता. ३४७ मधल्या ७ ची किंमत शून्य झाली असती!

दशांशचिन्हाच्या पलीकडे हीच उतरंड पुढे चालते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. आता एक पैसा म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग, अर्थात १० घात उणे २ रुपये. दुधाच्या बिलावर ३४७ रुपये २५ पैसे लिहिलेले असतील, तर त्यात शतक, दशक, एकक, दशांश आणि शतांश अशी पाच घरे आली, आणि त्यांचे घातांक २, १, ०, उणे १, उणे २. एका बिलावर सगळी शिडी!

मुले कुठे कुठे घसरतात तेही पाहू. शिक्षकांना हे अनुभवाने ठाऊक असेलच, पण पालकांनाही कळलेले बरे.

पहिली चूक म्हणजे २ घात उणे ३ चे उत्तर उणे ८ लिहिणे. काही मुले उणे ६ ही लिहितात. याचे कारण 'ऋण' या शब्दात आहे. ऋण म्हटले की मुलांना कर्ज आठवते, शून्याखालची संख्या आठवते. त्यांना सांगावे की इथे ऋण चिन्ह घातांकावर आहे, संख्येवर नाही. ते फक्त पायरी खालची असल्याचे सांगते. कोळवे शेरापेक्षा लहान असेल, पण कोळवेभर ज्वारी ही काही कर्जाऊ ज्वारी नव्हे. ती हातात घेता येते, दळता येते. पाया धन असेल तर ऋण घातांकाचे उत्तर लहान होईल, पण शून्याखाली कधी जाणार नाही.

दुसरी चूक पाया अपूर्णांक असतो तेव्हाची. २ छेद ३ या अपूर्णांकाचा घातांक उणे १ असेल तर उत्तर ३ छेद २. अंश खाली जातो आणि छेद वर येतो. ऋण घातांक म्हणजे संख्येचा गुणाकार व्यस्त घ्यायचा, एवढे लक्षात ठेवले की पुरे. व्यस्त म्हणजे जिच्याशी गुणले असता उत्तर १ येते ती संख्या. १ छेद २ चा घातांक उणे १ असेल तर उत्तर २ येते. मापट्याची उलट बाजू अधोली.

तिसरी चूक बीजगणितातली. ५ गुणिले क घात उणे १ असे लिहिलेले असले, तर घातांक फक्त क चा आहे, ५ चा नाही. उत्तर ५ छेद क. मुले ५ लाही खाली ओढतात आणि १ छेद ५क लिहितात. घातांक ज्याच्या डोक्यावर असेल त्याचाच, हे मुलांना बोट ठेवून दाखवावे.

चौथी गोष्ट चुकीची नाही, सावधगिरीची आहे. पाया शून्य असेल तर काय? शून्य घात ३ म्हणजे शून्यच. पण शून्य घात उणे १ म्हणजे १ भागिले शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. शून्य घात शून्यही अडचणीचा आहे, कारण शून्य भागिले शून्य असा प्रश्न उभा राहतो. उच्च गणिताच्या काही शाखांत सोयीसाठी त्याला १ मानतात, पण शाळेच्या गणितात तो आपण बाजूला ठेवतो. म्हणून पुस्तकात नियमाशेजारी 'पाया शून्य नसावा' असे लिहिलेले असते. मुले ती ओळ गाळून वाचतात. ती का लिहिली आहे हे एकदा सांगितले की गाळणार नाहीत.

आता शेतकरी बंधू विचारतील, "हे सगळं खरं, पण आमच्या शेतात याचा उपयोग काय?" उपयोग आहे, आणि तो आपल्या घरातल्या एका कागदावर आहे. माती परीक्षणाचा अहवाल काढून पाहा. त्यावर 'सामू' असा एक रकाना असतो. सामू ७ म्हणजे जमीन उदासीन, ७ च्या खाली आम्लधर्मी, ७ च्या वर विम्लधर्मी, असे आपल्याला सांगतात. हा सामू म्हणजे दुसरे तिसरे काही नसून १० चा ऋण घातांक आहे. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन येथील प्रयोगशाळेत सोरेनसन या शास्त्रज्ञाने १९०९ साली ही पद्धत काढली. पाण्यात हायड्रोजनचे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण असतात. त्यांचे एका लिटरमधले प्रमाण रसायनशास्त्राच्या मापाने सांगायचे तर सामू ७ ला ते १० घात उणे ७ असते. पूर्ण लिहायचे तर दशांशचिन्हानंतर सहा शून्ये आणि मग १. इतकी शून्ये अहवालावर कोण लिहीत बसणार? म्हणून घातांकातले उणे चिन्ह सोडून नुसता ७ लिहायचा, असे ठरले.

हे कळले की दोन गोष्टींचा उलगडा होतो. पहिली अशी की सामू वाढला म्हणजे आम्लता कमी झाली. हे ऐकताना उलटे वाटते. पण १० घात उणे ८ ही पायरी १० घात उणे ७ च्या खालची आहे, हे आता आपल्याला ठाऊक आहे. जसे कोळव्याचा आकडा ३ आणि चिपट्याचा २, तरी कोळवे लहान.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका शेताचा सामू साडेसात आणि दुसऱ्याचा साडेआठ असेल, तर आपण म्हणतो, "एकाचाच फरक आहे, चालायचंच." पण इथली एक पायरी म्हणजे दहा पट. दोन पायऱ्या म्हणजे शंभर पट. साडेआठच्या वर सामू गेला की जमीन चोपण होण्याच्या वाटेवर आहे की काय, अशी शंका घेऊन तपासणी करतात. म्हणून त्या रकान्यातला एकाचा फरक किरकोळ समजू नये. अहवाल घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत जावे आणि त्यांच्या सल्ल्यानेच उपाय करावा. घरातल्या आठवीच्या मुलाला तो अहवाल वाचायला द्या. त्याने वर्गात शिकलेला ऋण घातांक आपल्याच शेताच्या कागदावर त्याला भेटेल.

शिक्षकमित्रहो, शेवटी पुन्हा त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे येऊ. पुढच्या वेळी तिने हात वर केला, तर तिला "पाठ कर" म्हणू नका. तिला वर्तमानपत्राचे एक पान द्या आणि विचारा, "घडी घातली नाही तेव्हा थर किती होते?" उत्तर तिच्याच तोंडून येऊ द्या. आणि पालकहो, मुले घरी हा प्रश्न घेऊन आली आणि आपले शिक्षण कमी आहे म्हणून संकोच वाटला, तर संकोच करू नका. माळ्यावरचे मापटे आणि चिपटे खाली काढा, धूळ पुसा, मुलांसमोर मांडा. शेर मधे ठेवा. वर दुप्पट, खाली निम्मे. आणि मुलाला विचारा, "शेरापासून शून्य पायऱ्या गेलं तर आपण कुठे असू?"